आनरेन : बिल्ल्यांचे दालन आणि खंडाचे आवार

चीनच्या सिचुआन प्रांतात, चेंगडू शहराजवळ आनरेन नावाचे गाव आहे. राजकीय प्रचार माणसाच्या घरात किती खोलवर शिरतो, हे पाहायचे असेल तर या गावी जावे.

फान जियानचुआन हे पूर्वी सरकारी अधिकारी होते. पुढे बांधकामाच्या धंद्यात त्यांनी पैसा कमावला आणि तो जुन्या वस्तू जमवण्यात घातला. २००५ पासून त्यांची संग्रहालये येथे उभी राहिली. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळासाठी वेगळी दालने आहेत. माओंचे बिल्ले, घड्याळे, आरसे, चिनी मातीची भांडी अशा वस्तू तेथे मांडल्या आहेत. हे सामान सामान्य माणसांच्या घरातले. चहा प्यावा तर भांड्यावर घोषणा, आरशात पाहावे तर तेथेही घोषणा! बिल्ल्यांपायी इतके ॲल्युमिनियम जाऊ लागले की १९६९ साली सरकारलाच आवर घालावा लागला.

फान यांचा हा छंद लहानपणाचा. त्या धामधुमीत त्यांच्या वडिलांविरुद्ध पत्रके निघाली. मुलाने तीच जपून ठेवली.

याच गावात लियू वेनत्साई या जमीनदाराचा वाडा आहे. तो १९४९ साली वारला. १९६५ साली वाड्यात मातीचे ११४ पूर्णाकृती पुतळे उभारले गेले. 'खंडवसुलीचे आवार' हे त्या शिल्पाचे नाव. खंडाचे धान्य वाहून आणणारी कुळे, माप घालणारे कारकून, हिशेबाची मणिचौकट, शेवटी चिडून उठलेली माणसे. डोळे काचेचे असल्याने पुतळे आपल्याकडेच पाहताहेत असे वाटते. मापात पाप म्हणजे काय, हे अक्षरओळख नसलेल्यालाही येथे कळते.

पण त्याच वाड्यात एक 'पाण्याची अंधारकोठडी' दाखवली जाई. कुळांना तेथे पाण्यात डांबत, असे सांगत. १९८०च्या दशकात चौकशी झाली तेव्हा ती कोठडी रचलेली निघाली. परिणाम काय झाला? जमीनदार मुळात चांगलाच होता, असे म्हणणारेही पुढे आले.

बंधू-भगिनींनो, आनरेनचा धडा हाच आहे. कुळांची पिळवणूक खरी होती. तिला खोट्याची जोड द्यायची गरज नव्हती. एक खोटे उघडे पडले की शंभर खऱ्या दुःखांवर लोक संशय घेतात. म्हणून प्रचाराच्या वस्तू जाळू नयेत, पुजूही नयेत. जपून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या पिढीला खरेखोटे तपासता येईल.