कोलकात्याची दैनंदिनी (भाग दुसरा) : मासी सांगेल तसं

सोमवार

मागच्या भागात गाडी खडगपूरला सोडली होती. हावडा गाठेपर्यंत दुपार झाली. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना ही आमची गीतांजली एक्सप्रेस वर्गविरहित गाडी म्हणून सुरू झाली. आता तिलाही एसीचे डबे आहेत, त्यामुळे आमच्या धर्मग्रामातल्या मंडळींत स्लीपरवाले आणि एसीवाले असे दोन पंथ कल्याणलाच पडले. हावड्याच्या फलाटावर हमालाचे पैसे कोणी द्यायचे यावर दोघांची पुन्हा एकी झाली.

सामान सडर स्ट्रीटवरच्या लॉजमध्ये टाकून तीनच्या ठोक्याला शिशु भवनात हजर झालो. मिशनरीज ऑफ चॅरिटीचं स्वयंसेवक म्हणून काम करायचं तर नावनोंदणी इथे होते. बाकांवर स्पॅनिश, कोरियन, जपानी, मधेच आमचा वसईचा घोळका. नाव, देश, किती दिवस राहणार, कोणती भाषा येते, एवढीच चौकशी. माझी पाळी आली तेव्हा मी मुद्दाम सांगितलं, मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात उभा जन्म नर्स होते. सिस्टर हसून ‘व्हेरी गुड’ म्हणाल्या, कागदावर ‘प्रेमदान’ लिहिलं आणि गळ्यात घालायला मारियामातेचं छोटं पदक दिलं. सोबतच्या कॉलेजच्या पोरीलाही तेच. तिने आयुष्यात ताप मोजलेला नाही.

मंगळवार

सहाची मिस्सा मदर हाऊसमध्ये, आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवर. चॅपलच्या खिडक्या रस्त्याकडे उघड्या असतात, त्यामुळे प्रवचनाला बसच्या हॉर्नची साथ. सिस्टर जमिनीवर मांडी घालून बसतात, गुडघे दुखणाऱ्या आमच्यासारख्यांना बाकडी. तळमजल्यावर मदर तेरेसांची समाधी, पांढरी आणि साधी. त्यांचं १९९७ साली निधन झालं आणि २०१६ साली रोमने त्यांना संत जाहीर केलं, त्यामुळे फुलं आणि चिठ्ठ्या रोज वाहतात.

नंतर न्याहारी : पाव, केळं आणि मोठ्या किटलीतला चहा. केळी बघून मला राहवलं नाही. आगाशीची सुकेळी पिशवीत होती, ती फिरवली. एका कोरियन आजोबांनी वास घेतला, चाटून पाहिली आणि तीन उचलली.

शेजारी माद्रिदची एक मुलगी होती. दोन वर्षांपूर्वी ती तिच्या चर्चबरोबर आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात गेली होती. तिथे त्यांनी शाळेच्या भिंती रंगवल्या. ‘गावात रंगारी नव्हते का?’ मी विचारलं. ‘होते ना,’ ती म्हणाली, ‘कडेला उभे राहून आमच्याकडे बघत होते.’ हे ती हसत सांगत होती, पण पावाचा तुकडा हातात तसाच राहिला होता. मग म्हणाली, म्हणून या वेळी असं ठिकाण शोधलं जिथे आमच्या हाती कुंचला देत नाहीत, कपडे धुवायला लावतात.

आणि खरंच लावतात. प्रेमदान पार्क सर्कसच्या पुढे, रेल्वेरुळांपलीकडे. पूर्वी आयसीआय या रसायनांच्या कंपनीची ही जागा होती. आता रस्त्यावरून उचलून आणलेले, कोणी नसलेले स्त्री-पुरुष तिथे राहतात. फाटकातून आत गेलं की डावीउजवीकडे न बघता धुण्याच्या हौदांकडे जायचं. रात्रभरातली अंथरुणं, गाऊन, चादरी, फडकी यांचा डोंगर तयार असतो. पहिल्या हौदात जंतुनाशक, मग साबण, मग पाणी, मग पुन्हा पाणी. घोंगड्या पायांनी तुडवायच्या. पिळायला दोघं लागतात : एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि उलटसुलट पीळ द्यायचा. मग बादल्या भरून गच्चीवर.

हे खातं मासींच्या ताब्यात आहे. मासी म्हणजे इथल्या पगारी बायका, आसपासच्या वस्त्यांतून येणाऱ्या. आमच्या हौदावरची मासी पन्नाशीची, ठेंगणी, पदर खोचलेला. मी पिळलेली चादर तिने हातात घेतली, पुन्हा एक पीळ दिला, त्यातून अर्धा तांब्या पाणी निघालं. ती काही बोलली नाही. तेवढं पाणी माझ्याकडे बघत तिने हौदात सोडलं.

आमच्यातले एक काका बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची नेमणूक कालीघाटला होती, पण आज ते आमच्याबरोबर आले होते. ते पुरुषांच्या बाजूने ओरडले, ‘अहो, इथे वॉशिंग मशीन का नाही बसवत?’ प्रश्न रास्त आहे. मदरचा दंडक असा की गरिबांची सेवा करणाऱ्यांनी गरिबांसारखंच राहायचं. मला व्यक्तिशः हे पटत नाही. गरिबाला मशीन मिळालं तर तो नको म्हणणार नाही. पण हेही दिसलं की मशीन आलं तर आमच्यासारख्यांना सकाळी आठ ते बारा करायला फारसं काही उरणार नाही.

बुधवार

धुणं उरकल्यावर आज बायकांच्या वॉर्डात. नखं कापणं, डोक्याला तेल, पाठीला तेल. मोहरीच्या तेलाचा वास दिवसभर हाताला राहतो.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी, हाडांचा सापळा, एका कुशीवर. सवयीने माझा हात तिच्या माकडहाडाकडे गेला. लाल चट्टा होता, कातडी फुटलेली नव्हती. ज्याने बेडसोर पाहिलेत त्याला कळेल की हे किती मोठं काम आहे. अशी अंथरुणाला खिळलेली, हाडं वर आलेली बाई आणि पाठ शाबूत! कुणीतरी दर दोन तासांनी तिची कूस बदलतंय, रात्रीसुद्धा. ते कुणीतरी म्हणजे मासी आणि सिस्टर. स्वयंसेवक रात्री सडर स्ट्रीटवर नूडल्स खात असतात.

मी तिला पाठीवर वळवायला गेले तर मासी दुरून ‘ना ना’ करत आली. माझा हात काढला, स्वतःचा गुडघा खाटेला टेकवला, म्हातारीचं मनगट आधी छातीवर घेतलं आणि मग एका झोक्यात वळवलं. खांद्याचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलं होतं, हे मासीला ठाऊक होतं. कोणत्याही केसपेपरवर ते मला सापडलं नसतं.

जेवण भात, डाळ, माशाचं कालवण. म्हातारी माझ्या हातून चार घास जेवली आणि कुठून आलीस म्हणून विचारलं. ‘महाराष्ट्र’ म्हटल्यावर तिने डोळे मोठे केले : ‘बोर्गी!’ वॉर्डभर हशा. नागपूरकर रघुजी भोसल्यांचे घोडेस्वार १७४० च्या दशकात बंगालवर चालून येत आणि चौथाईसाठी गावंच्या गावं लुटत. बंगाली पोरांना निजवायच्या गाण्यात ते बर्गी अजून येतात. आमच्याकडे इतिहासाच्या पुस्तकात या स्वाऱ्यांना पराक्रम म्हणून चार ओळी. इथल्या म्हातारीला स्वतःचं गाव आठवत नाही, पण बर्गी आठवतात.

गुरुवार

गुरुवारी स्वयंसेवकांना सुट्टी. पोरं व्हिक्टोरिया मेमोरियलला गेली. मी आणि कंडक्टरकाका चित्तरंजन अव्हेन्यूवर, स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन बघायला. बाहेरून बघायचं म्हणजे जुनी सरकारी इमारत, फाटकावर रुग्णांची गर्दी. पण वरोऱ्याचा एक वकील कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला १९४९ साली इथे आला होता. मुरलीधर देवीदास आमटे. गटारात पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरुग्णाला पाहून आपण घाबरून पळालो, हे त्याला सहन झालं नव्हतं. आधी इथे येऊन शिकला आणि मग आनंदवन उभं केलं. आधी शिकला, हे मला नर्स म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. कंडक्टरकाकांनी फाटकासमोर टोपी काढली. दरवानाला वाटलं त्यांना ओपीडी हवी आहे, त्याने खिडकी दाखवली.

परतताना बर्गींचा विषय पुन्हा निघाला. मराठ्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला होता. सात मैलांचा बेत होता. तीन मैल खणून झाले तरी मराठे येईनात, तेव्हा काम सोडून दिलं. पुढे खंदकाचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड केला. त्याच रस्त्याच्या दक्षिणेकडच्या भागाला आज आचार्य जगदीशचंद्र बोस यांचं नाव आहे आणि त्यावर मदर हाऊस आहे. ‘म्हणजे आपण उशिरा आलो,’ काका म्हणाले.

शुक्रवार

धुणं, तेल, भात. दुपारनंतर कालीघाटला निर्मल हृदय, मदरचं मरणासन्नांसाठीचं घर. १९५२ साली महापालिकेने काली मंदिराला लागून असलेली यात्रेकरूंची धर्मशाळा मदरना दिली, तेव्हा देवळाच्या आवारात ख्रिस्ती बाई नको म्हणून बराच गदारोळ झाला होता. आज दारात जास्वंदीचे हार विकणारा पोरगाच आम्हाला वाट दाखवतो.

याच जागेबद्दल १९९४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी कडक लिहिलं होतं : निदानात शिस्त नाही, बरा होऊ शकणारा आणि न होणारा यांत फरक करत नाहीत, मरणाऱ्याच्या वेदनेवर जोरदार औषध नाही. स्वच्छता, जखमांची निगा आणि माया यांचं कौतुकही त्याच लेखात होतं. आमच्यातल्या काहींना हा विषय काढलेला आवडत नाही. मला आवडतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन मिळवणं आपल्याकडे इतकं किचकट झालं की मोठमोठ्या रुग्णालयांतही कर्करोगाचे रुग्ण तळमळत गेले. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ साल उजाडलं. तेव्हा दोष एकट्या कालीघाटचा नव्हता. पण वेदना ही देवाची भेट आहे असं रुग्णाला सांगणं मला कधी जमलं नसतं. माझ्याही देवाचे हात खिळ्यांनी ठोकलेले आहेत, तरीसुद्धा.

शनिवार

सियालदहहून लोकलने टिटागढ. सोदपूर, खडदह आणि मग टिटागढ. गर्दी विरार लोकलच्या वळणाची, त्यामुळे आम्हाला घरच्यासारखं वाटलं. रुळांच्या कडेने लांबच लांब पट्ट्यावर गांधीजी प्रेम निवास : कुष्ठरुग्णांचं केंद्र, १९५८ पासूनचं, ब्रदर चालवतात.

हातमागांची शेड. जगभरच्या सिस्टर नेसतात ती पांढरी, तीन निळ्या रेघांची साडी इथे विणली जाते. त्या निळ्या काठाला आता ट्रेडमार्कही आहे. मी ज्या मागापाशी उभी राहिले तिथल्या विणकराच्या उजव्या हाताला अंगठा आणि दोन बोटांची पेरं, बस्स. दोरीला लाकडाचा गोळा बांधला होता. तो तळहाताच्या बेचक्यात धरून झटका दिला की धोटा पलीकडे, पुन्हा झटका की अलीकडे. मधेच सूत तुटलं. ते त्याने दातांत धरलं, डाव्या हाताने गाठ मारली, वर पाहिलंही नाही. पायात एमसीआरची मऊ रबरी चप्पल होती, बधिर तळव्यांना जखम होऊ नये म्हणून. शेजारी चहाचा पेला फडक्यात गुंडाळून ठेवलेला. हाताला चटका कळत नाही.

आनंदवनातही मी हे पाहिलं आहे. कामाला मजुरी आणि मजुरीला किंमत. प्रेमदानात आम्ही माणसांना भरवतो, इथे माणसं कमावतात. दोन्ही लागतं, पण मला विचाराल तर मी टिटागढच्या बाजूची. ब्रदरना विचारलं, आम्ही इथे काय मदत करू? ते अवघडले. म्हणाले, पाहुणे आले की विणकरांना बरं वाटतं. फिरून बघा, चहा घ्या.

परतीच्या लोकलमध्ये कंडक्टरकाकांनी तिकिटाच्या मागे हिशेब मांडला. सगळ्यांचं जाण्यायेण्याचं भाडं, लॉज, जेवण, टॅक्स्या. ‘एवढ्यात दोन मासींचा वर्षाचा पगार सहज निघेल,’ ते म्हणाले. ‘मग आपण कशाला आलो?’ आमच्याबरोबर आलेले धर्मग्रामाचे फादर म्हणाले, न येता तुम्ही तेवढे पैसे पाठवले असते का? काका गप्प झाले. मग म्हणाले, नसते पाठवले, पण आता पाठवू शकतो, दरवर्षी. कॉलेजच्या पोरीचा मुद्दा वेगळाच : पैसे पाठवा आणि यासुद्धा, पण दहा जण आठवडाभर नको, दोघं तीन महिन्यांसाठी, आणि आधी बंगाली शिकून. फादरना हे फारसं रुचलं नाही. मला रुचलं.

दमदमला गर्दी चढली आणि आम्ही एकमेकांपासून तुटलो. सियालदहला उतरल्यावर काकांनी टोपी उलटी करून माझ्यासमोर धरली. पहिली पाचशेची नोट मी टाकली, दुसरी त्या पोरीने. फादर अजून जिन्यावर होते.

(क्रमशः)