बर्गी आणि बारगीर

चरित्रे आणि इतिहास वाचण्याची हौस मराठी माणसाला थोडी अधिकच असते, आणि नोकरीनिमित्त तो मुलखाबाहेर पडला की ती आणखी वाढते. घरापासून दूर राहणाऱ्याला पूर्वजांची सोबत हवीशी वाटत असावी. परंतु ह्या वाचनात एक उणीव राहून जाते. थोर पुरुषाचे चरित्र आपण बहुधा त्याच्या घरच्यांनी लिहिलेले वाचतो. घरची माणसे दोष लपवितातच असे नाही. पण त्या दोषांची झळ ज्यांना लागली ती माणसे त्या घरात नसतात. त्यांची साक्ष काढायची तर शेजाऱ्याच्या दारी जावे लागते.

भिलाईत शेजाऱ्यांना तोटा नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून बंगाली, तेलुगू, उडिया, मलयाळी, पंजाबी कुटुंबे ह्या वसाहतीत भिंतीला भिंत लावून नांदत आली आहेत. आमच्या बंगाली शेजारीणबाई नातवाला निजविताना जी अंगाई म्हणत, तीत ‘बर्गी’ असा एक शब्द येई. बर्गी म्हणजे कोण, असे मी एकदा सहज विचारले. त्या क्षणभर संकोचल्या आणि मग हसून म्हणाल्या, “अहो, तुम्हीच की!”

बारगीर हा आपल्या लष्करी दप्तरातला अगदी साधा शब्द. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येतो. बारगिराला तो सरकारातून मिळतो. हजेरीपटावरचा हा पगारी स्वार बंगाल्यात जाऊन तान्ह्या मुलांचा बागुलबुवा कसा झाला, हे समजून घ्यायचे तर नागपूरकर रघूजी भोसल्याचा कारभारी व सेनानी भास्करराम कोल्हटकर ह्याचे चरित्र दोन्हीकडून वाचले पाहिजे.

भास्कररामाची वाट ह्याच छत्तीसगडातून गेली. १७४१ च्या सुमारास त्याने रतनपूरच्या हैहयवंशी राजाला नमविले आणि १७४२ त तो बंगाल्यात उतरला. त्याची चपळाई, परमुलखात काटव्याजवळ त्याने मांडलेला दुर्गोत्सव, आणि १७४४ च्या मार्चमध्ये तहाच्या बोलण्याकरिता म्हणून मानकरा येथे बोलावून अलीवर्दीखानाने केलेला त्याचा घात, हे सारे आपण हळहळत वाचतो. ती हळहळ खोटी नाही. तो विश्वासघातच होता.

त्याच काळात बंगाल्यातील गंगाराम नावाच्या कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिले. त्याच्या हस्तलिखितावरील शकावळी १७५१ च्या सुमाराची आहे. आरंभी कवी मराठ्यांना दैवी आज्ञेनेच बंगाल्यात आणतो: पृथ्वीवर पाप फार झाले, म्हणून शाहूकरवी ही फौज येते. मात्र पुढे गावे जळू लागतात, रुपयांसाठी माणसांचे हाल होतात, बायकामुलांसह गावेच्या गावे वाट फुटेल तिकडे पळतात; आणि हे पाहून देवीच भास्कररामावर कोपते. ज्या दुर्गेची पूजा त्याने मांडली तिनेच त्याला टाकले, असा ह्या कवीचा निवाडा आहे.

ही दोन चित्रे शेजारी ठेवली की नायकाच्या दोषांविषयी एक गोष्ट उमगते. दोष बहुधा गुणाच्या पोटातच असतो. भास्कररामाची फौज सडी होती. मागे रसदेचे ओझे नव्हते, म्हणूनच ती वाऱ्यासारखी धावली. पण ओझे नाही म्हणजे पोट वाटेतल्या गावावर. ज्या चपळाईचे आपण कौतुक करतो तिचा खर्च वर्धमानच्या शेतकऱ्याने सोसला. १७५१ च्या तहाने भोसल्यांना ओरिसा आणि सालीना बारा लाखांची चौथाई मिळाली. जमेची ही बाजू आपल्या इतिहासात आहे. खर्चाची बाजू अंगाईत राहिली.

अर्थात, शेजाऱ्याची साक्षही पारखूनच घ्यावी. छत्तीसगडातील मराठा सुभेदारांच्या वसुलीवर इंग्रज अधिकारी ॲग्न्यू ह्याने पुढे कडक ताशेरे ओढले. पण तो स्वतः त्यांच्याच गादीवर येऊन बसला होता, हे विसरून चालणार नाही. शिवाय ह्याच घराण्यातला बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहून कारभार करीत होता. तेथील टेकडीवरचे राममंदिर त्याचे, आणि त्याचे नाव अद्याप आदराने घेतले जाते. त्याच्यामागून व्यंकोजीकडे हा प्रांत आला, तो नागपुरात राहिला आणि कारभार सुभेदारांच्या हाती गेला. घराणे एकच, मुलूखही तोच. एक राज्यकर्ता ज्यांच्याकडून सारा घेई त्यांच्यात राहत होता, दुसरा राहत नव्हता.

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांची उमेद बडोद्याच्या नोकरीत गेली. मराठी रियासतीचा पाया त्यांनी मुलखाबाहेर राहूनच घातला. १९०४ पासून बंगाली इतिहासकार जदुनाथ सरकारांशी त्यांचा जो पत्रव्यवहार सुरू झाला, तो जदुनाथांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५८ पर्यंत टिकला. बर्गींच्या प्रदेशातला एक, बर्गींनी तुडविलेल्या प्रदेशातला दुसरा. आणि दोघांनीही मराठ्यांचा इतिहास शोधला. चरित्र कसे वाचावे ह्याचा याहून चांगला वस्तुपाठ मला ठाऊक नाही.

आपणां बदलीच्या माणसांची चरित्रे कोणी लिहिणार नाही. तरी कारखाना आणि ही नगरी ज्या जमिनीवर उभी आहे, ती एके काळी कित्येक गावांची शेते होती. देशाला पोलाद हवे होते, ह्याविषयी वाद नाही. पण त्या गावांतून उठून गेलेल्यांच्या घरी आपल्याविषयी कोणता शब्द रुळला आहे, तो एकदा विचारून घ्यायला हरकत नसावी.