पशुपतिनाथाला निघण्यापूर्वी हातखर्चाचा हिशोब



परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विमान येते, कोटबूट येतो. पण आपल्या खेड्यांतून दरवर्षी जी मंडळी काशी-प्रयाग करून पुढे गोरखपूर गाठतात आणि सोनौलीची सरहद्द ओलांडून पशुपतिनाथाला जातात, तीही परदेशातच जातात. तिथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. देव आपलेच. दुकानांच्या पाट्या देवनागरीत, त्यामुळे चौथी शिकलेल्या माणसालाही वाचता येतात. सगळे घरच्यासारखे वाटते, आणि घोटाळा इथेच होतो. कारण तिथला रुपया आपला नाही.

यात्रा कंपनीला जे पैसे भरता त्याबद्दल मी आज लिहीत नाही. ते एकदा भरले की भरले, पावती खिशात. माझा विषय आहे वरचा हातखर्च. घरचे अंदाजपत्रक मोडते ते या हातखर्चाने, कारण तो दहा-वीस, पन्नास-शंभर असा ठिबकत जातो. ठिबकचे पाणी मोजून सोडता येते, पैशाला मात्र तशी तोटी आपणच बसवावी लागते.

पहिली गोष्ट घर सोडण्यापूर्वीची. यात्रेचे दिवस बहुधा रब्बीची काढणी झाल्यावरचे, चैत्र-वैशाखातले. त्या वेळी गहू, हरभरा, कांदा विकून हातात रोकड असते आणि मन मोठे झालेले असते. पण त्याच रोकडीत मृगाचे बियाणे आहे, खत आहे, शाळेची फी आहे. खरिपाचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरले तरच व्याजाची सवलत मिळते, हे मी तुम्हाला नव्याने सांगायला नको. तेव्हा आधी सोसायटीचे भरा, बियाण्या-खताचे पैसे बँकेत वेगळे ठेवा आणि मग उरतील त्यांतून यात्रेचे काढा. ‘देवाचे काम आहे, होईल सोय’ असे म्हणून जो खताचे पैसे बरोबर घेतो, त्याची सोय जूनमध्ये सावकाराकडेच होते.

आता तिथल्या पैशाचे. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६० रुपये. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, रोज वरखाली होत नाही, ही मोठी सोय. आपल्या रुपयाला तिथे ‘आयसी’ म्हणतात आणि त्यांच्या रुपयाला ‘एनसी’. ही दोन अक्षरे पाठ करा. दुकानदाराने ‘आठशे’ म्हटले की पिशवीत हात घालण्यापूर्वी विचारायचे, ‘आयसी की एनसी?’ शाल आठशे एनसीची असेल तर आपले पाचशेच होतात. न विचारता आपले आठशे मोजले तर तीनशे पाण्यात. दुकानदार लबाडच असतो असे नाही. तुम्ही जास्त दिले तर तो ते घेतो, एवढेच.

हिशोबाची तोंडी रीत सांगतो. नेपाळी किंमत कळली की तिला आठाने भागा आणि पाचाने गुणा. २४० एनसी? आठाने भागले तीस, पाचाने गुणले दीडशे. उलट करायचे तर आपल्या रुपयांची दीडपट करा आणि वर दहावा हिस्सा घाला. शंभराचे दीडशे, वर दहा, झाले एकशे साठ. ज्यांनी पावकी-दिडकी पाठ केली त्या म्हाताऱ्यांना हे मोबाईलच्या आधी जमते.

खरी गंमत सुट्ट्या पैशांत आहे. २०२४ च्या एप्रिलात आमच्या तालुक्यातील एका गटाबरोबर मी गेलो होतो. पशुपतिनाथाच्या बाहेर प्रसादाची पुडी ८० रुपयांना होती, एनसी. पुढच्या दोघांनी आपली शंभराची नोट दिली, वीस परत घेतले आणि समाधानाने चालू लागले. त्यांच्या मागे आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनीही शंभर दिले, वीस हातात आले, पण हात मागे घेतला नाही. म्हणाल्या, “माझे अजून साठ ऱ्हायले.” दुकानदाराने एक शब्द न बोलता साठ दिले. तुमच्या लक्षात आलेच असेल. शंभराचे झाले एकशे साठ, त्यातून ऐंशी गेले, ऐंशी परत यायला हवे. मग ते दोघेही मागे फिरले आणि त्यांनाही मिळाले. बाजारात रोज बसणारी बाई आणि वर्षातून चार वेळा आडतीवर जाणारा पुरुष, यांच्या हिशोबात एवढा फरक पडतो.

नोटांबद्दलही सावध राहा. भारताच्या १०० च्या वरच्या नोटा तिथे बरीच वर्षे चालत नव्हत्या. २०१६ मध्ये आपल्याकडे ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या तेव्हा नेपाळी लोकांच्या घरात आणि बँकांत असलेल्या त्या नोटा तशाच अडकून पडल्या. तो चटका त्यांना अजून आठवतो. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने आपल्या २००, ५०० आणि २००० च्या नोटांवर बंदी घातली. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात आपल्या बँकेत विचारून घ्यावे. परंतु नियम काहीही असो, मी शंभराच्याच नोटा न्यायला सांगतो. शंभराची नोट कोणी उलटसुलट करून पाहत नाही. गठ्ठा जाड होतो हे खरे. तो एकाच जागी न ठेवता नवरा-बायकोने वाटून घ्यावा.

तिथल्या नोटा ओळखायला सोप्या. आकडे देवनागरीत, पुढे सगरमाथा म्हणजे आपण ज्याला एव्हरेस्ट म्हणतो तो डोंगर, आणि मागे जनावर. शंभराला गेंडा, पाचशेला वाघ, हजाराला हत्ती. आमच्या गटातल्या बायका दुसऱ्या दिवसापासून ‘एक वाघ मोड’ असेच बोलू लागल्या.

ज्यांच्या मोबाईलवर यूपीआय आहे त्यांना २०२४ च्या मार्चपासून नेपाळी दुकानांतल्या फोनपेच्या क्यूआरवर पैसे देता येतात. हे फोनपे नेपाळचे आहे. आपल्याकडच्या कंपनीशी नाव जुळते, नाते नाही. मात्र निघण्यापूर्वी ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावा लागतो आणि तिथे इंटरनेट हवे. आपले सिम तिकडे रोमिंगशिवाय मुके होते. शिवाय नदीकाठी फुले विकणाऱ्या पोरीकडे किंवा डोंगरातल्या चहाच्या टपरीवर रोखच लागते. म्हणून मोबाईल हा आधार समजा, रोख ती रोख.

आता वाटणी. समजा जोडप्याने नेपाळच्या ८ दिवसांसाठी, मुक्तिनाथ सोडून, हातखर्चाला २०,००० रुपये काढले आहेत. त्यातले ५,००० आधी बाजूला शिवून टाका. शिवून म्हणजे खरोखर शिवून, परकराच्या नाहीतर बंडीच्या आतल्या खिशात. राहिले १५,०००. रोज दोघांचे चहा-फराळ-एखादे जेवण यांना ७००, म्हणजे आठ दिवसांचे ५,६००. पूजा, दक्षिणा, दान २,०००. तिकिटे आणि स्थानिक गाड्या ३,४००. घरच्यांसाठी वस्तू ४,०००. झाले पंधरा. आकडे तुमच्या ऐपतीप्रमाणे बदला, पण आधी राखीव काढायचे आणि वस्तूंना शेवटी बसवायचे, हा क्रम बदलू नका.

त्या शिवलेल्या पाच हजारांवर काही लोक हसतात. २०२४ च्या सप्टेंबरअखेर अतिवृष्टी होऊन काठमांडूकडे जाणारे रस्ते दरडींनी बंद पडले. २०२५ च्या सप्टेंबरात काठमांडूत आंदोलन पेटले, विमानतळ बंद झाला आणि आपले अनेक यात्रेकरू अडकले. अशा वेळी दोन दिवस जास्त राहावे लागले तर ते दिवस कोणत्याही कंपनीच्या पावतीवर नसतात.

जेवणात काटकसर करायला त्रास नाही. तिथले डाळ-भात-तरकारीचे ताट आपल्या माणसाला मानवते, आणि बहुतेक खाणावळींत भात, डाळ, भाजी पुन्हा वाढतात, पैसे एकदाच. मोठ्या हॉटेलात मात्र पाटीवरच्या भावात १३ टक्के व्हॅट धरला आहे का ते आधी विचारावे, नाहीतर हजाराचे बिल अकराशे तीस होऊन येते. पशुपतिनाथाच्या दर्शनाला आपल्याला तिकीट नाही. भक्तपूर, पाटण येथील जुन्या दरबार चौकांना आहे, पण आपल्यासारख्या शेजारी देशांच्या लोकांना ते इतर परदेशी माणसांपेक्षा बरेच कमी पडते. त्यासाठी मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. मनकामना देवीला १९९८ पासून तारेवरचा पाळणा आहे, २.८ किलोमीटरचा. माणसाला जाण्या-येण्याचे तिकीट मिळते आणि बोकडाला फक्त जाण्याचे. आमच्या गटातल्या शेळीपालकांना हे वाचून क्षणभर काही बोलवेना.

मुक्तिनाथाचे तेवढे स्वतंत्र सांगतो. ते पोखऱ्याच्याही पुढे, ३,७०० मीटरच्या वर आहे. पोखऱ्याहून जोमसोमपर्यंत छोटे विमान जाते, पण तिथे दुपारी वारा इतका सुटतो की विमाने सकाळीच उडतात, आणि हवा बिघडली तर तीही नाहीत. जीपने जायचे तर दिवस जातो आणि हाडे खिळखिळी होतात. बऱ्याच कंपन्यांच्या दरात हा टप्पा नसतो. म्हणून तो करायचा की नाही हे घरीच ठरवा, आणि करायचा असेल तर त्याचा बटवा पहिल्या दिवसापासून वेगळा बांधा.

आमच्याबरोबर एक साठीतले जोडपे होते. बाईंनी डेअरीच्या दुधाच्या पैशांतून तीन वर्षे थोडे थोडे मागे टाकले होते ते मुक्तिनाथासाठी. तिथल्या १०८ धारांखालून जायचे, एवढेच त्यांच्या मनात होते. पण पैसे सगळे एकाच पिशवीत, आणि पिशवी यजमानांच्या कमरेला. काठमांडूत त्यांनी जावयांसाठी जाकिटे घेतली, दोन मोठी ब्लँकेटे घेतली, रुद्राक्षाची एक माळ घेतली, जिचा खरेखोटेपणा विकणाऱ्यालाच ठाऊक. प्रत्येक वस्तू स्वस्तच होती. पोखऱ्याला जीपचे पैसे गोळा करू लागलो तेव्हा त्यांच्याकडे दोघांचे तर नाहीच, एकाचेही पुरते निघाले नाहीत. आम्ही वर्गणी काढतो म्हणालो. बाई म्हणाल्या, “उसन्या पैशाने नको.” दोन दिवस त्या फेवा तलावाच्या काठी बसून होत्या. यजमानांना कोणी काही बोलले नाही. त्यांना न बोलताच पुरेसे झाले होते. धारांचे पाणी आम्ही बाटलीतून आणले, ते त्यांनी डोळ्यांना लावले. ब्लँकेटे मात्र त्यांनी परतीच्या गाडीत अंगावर घेतली नाहीत.

घरच्यांसाठी काही आणायचेच तर जोमसोमच्या वाटेवरच्या मार्फा गावची वाळवलेली सफरचंदे आणा. तेथील शेतकऱ्यांनी उंच, कोरड्या खोऱ्यात सफरचंदाच्या बागा धरल्या आहेत आणि जे फळ ताजे विकले जात नाही ते फोडी करून वाळवतात. वजनाला हलकी, पोरांना आवडतात, आणि आपल्या डाळिंब-द्राक्षवाल्यांनी डोके चालवण्याजोगी. पण रोपे, कलमे, बी मात्र परवान्याशिवाय आणू नका. कीड आणि रोग सरहद्द पाहत नाहीत, आणि एका कलमामागून काय काय येते ते आमच्या खात्याला निस्तरावे लागते.

परत येताना सोनौलीच्या अलीकडे, म्हणजे नेपाळच्याच बाजूला, एनसी मोजा आणि बदलून घ्या. गोरखपूर सोडले की त्या नोटा कोणी घेत नाही. सुट्टी नाणी शेवटच्या चहात संपवा. नातवंडांना दाखवायला गेंड्याची एक नोट ठेवली तर चालेल. तेवढे साडेबासष्ट रुपये वस्तूंच्या चार हजारांत धरा.