धक्क्यावरूनच परत

नागपट्टणमहून श्रीलंकेतल्या कांकेसंतुरईला बोट जाते, २०२३ पासून. चारेक तासांचा प्रवास. आम्ही पाचही जण सकाळीच बंदरावर हजर. खिडकीवरच्या बाईंनी धाकट्याचा पासपोर्ट बाजूला काढला. मुदत संपायला चारच महिने उरलेले. श्रीलंकेत शिरायला सहा महिने लागतात. आमचे पासपोर्ट दहा वर्षांचे, मुलांचे मात्र पाचच! शाळेत साऱ्या गावाच्या पोरांचे दाखले तपासतो, घरचाच राहिला.

बाकी चौघांना वाट मोकळी होती. धाकटा म्हणाला, "अब्बा, तुम्ही जा. मी अम्मीबरोबर थांबतो." अम्मीने काही न बोलता बॅगा उचलल्या.

बोट सुटली. आम्ही रिक्षाने नागूर दर्ग्याला गेलो. तिथले पाच मिनार मोजेपर्यंत थोरली त्याच्याशी बोलली नाही.