चाळिसावें वर्ष आणि नाथषष्ठी

फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणास जाण्याचा आमच्या घराण्याचा परिपाठ जुना आहे. २०२४ सालीं या यात्रेंत आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगाही सामील झाला. हा मुंबईस शिकतो, आणि 'रॉक' पद्धतीचें गायनवादन करणाऱ्या एका मंडळीचा तो निस्सीम भक्त आहे. ही मंडळी १९८४ सालीं मुंबईंत 'रॉक मशीन' या नांवानें निघाली. तिला चाळीस वर्षें होत असल्यामुळें तो दिवस तिचीं गाणीं ऐकण्यांत घालवावा, असा त्याचा बेत होता. नाथांच्या दिवशीं असला उत्सव वडील मंडळींस मुळींच रुचेना. अखेर आमच्या मातोश्रींनीं तोड काढली : "वाटेनें त्याचीं गाणीं आपण ऐकूं, पैठणांत आपलीं त्यानें ऐकावीं."

छत्रपती संभाजीनगराहून पैठण दक्षिणेस सुमारें पन्नास किलोमीटर आहे. या शहराचीं नांवें तरी किती झालीं! मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेली ती खडकी. त्याच्या मुलानें तिला फतेहनगर केलें. १६५३ त औरंगाबाद झालें आणि २०२३ त छत्रपती संभाजीनगर. हें ऐकून चिरंजीव म्हणाले, "आमच्या मंडळीनेंही १९९३ त नांव बदलून 'इंडस क्रीड' केलें." पुढें १९९७ त मंडळी फुटली. २०१० सालीं उदय बेनेगल, महेश तिनईकर व झुबिन बालापोरिया हे जुने तिघे पुन्हां एकत्र आले; दोघे नवे घेतले आणि २०१२ त नवी ध्वनिमुद्रिका काढली. आम्हीं विचारलें, "नांव बदललें, माणसें बदललीं, मध्यें तेरा वर्षें खंड पडला, मग हीं चाळीस वर्षें मोजावयाचीं तरी कोणाचीं?" त्याला उत्तर सुचलें नाहीं, आणि आमच्या वडील बंधूंस त्याचें समाधान वाटलें, हेंही खरें.

पैठणचें गोदातीर दिंड्यांनीं फुललें होतें. वरच्या अंगास जायकवाडीचें, १९७६ सालीं लोकार्पण झालेलें धरण. खालीं पताका, तुळशीवृंदावनें आणि टाळांचा घोष. शके १५२१ मध्यें याच तिथीस एकनाथमहाराजांनीं गोदावरींत देह ठेवला. त्यांचे गुरु जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांस झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, गुरुशिष्यांची भेट आणि स्वामींची समाधि हींही याच तिथीचीं मानतात. म्हणून हिला पंचपर्व म्हणतात.

एका दिंडींत म्हाताऱ्या मृदंग्याचे हात थकले, तेव्हां बारा-तेरा वर्षांच्या पोरानें मृदंग घेतला. ताल क्षणभरही तुटला नाहीं. वीणा तर खालीं ठेवावयाची नाहीं असा दंडकच. ती एकाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. आमचा पुतण्या तेथें तासभर उभा होता. दिंडी किती जुनी, असें त्यानें विणेकऱ्यास विचारलें. तो म्हणाला, "बाबा, आमच्या आज्याच्या आज्यानं काढली. त्यातलं आता कोणी नाही. दिंडी तीच."

पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. वडील बंधूही बोलले नाहींत.

इंग्रजी गाण्यांची तुलना अभंगाशीं करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु वासुदेव, जोशी, गोंधळी यांचे बोल उचलून नाथांनीं भारुडें रचलीं, आणि शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करण्यास तेच बसले. रस्त्यावरचा ठेका आणि पोथीचा पाठ हीं दोन्हीं एकाच घरांत नांदलीं. आपल्या मुलांस कशाचें तरी वेड आहे, त्याचीं सालें त्यांस मुखोद्गत आहेत, याची घरोघर थट्टा होते. जो एका मंडळीचीं चाळीस वर्षें जिव्हाळ्यानें मोजतो, त्यालाच सव्वाचारशें वर्षें मोजावयास शिकवितां येतें, असें आम्हांस वाटतें.

षष्ठीसच परतावयाचें म्हणून आलेला हा मुलगा अष्टमीच्या काल्यापर्यंत राहिला. दहीहंडी फुटल्यावर काल्याचा पहिला घांस त्यानें आजीच्या हातावर ठेवला.