आक्कांचं मेंढरू



आगमनकाळ जवळ आला की आमच्या महिला संघात सुया-दोरे निघतात. संडे स्कूलच्या नाताळच्या झाडासाठी तारे, घंटा, देवदूत आणि मेंढरं आम्ही हातानेच शिवतो. काम सोपं आहे. फेल्टचं कापड विणलेलं नसतं, त्याचे तंतू एकमेकांत दाबून बसवलेले असतात. त्यामुळे कापलेली कड उसवत नाही, दुमडावी लागत नाही. कागदी नमुना ठेवून एकसारखे दोन तुकडे कापायचे. वरच्या तुकड्यावर डोळे-तोंड आधीच भरून घ्यायचं. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यातले दोन पदर सुईत ओवायचे आणि कडेकडेने काजटाका घालत यायचं. दोन बोटं जागा उरली की थोडा कापूस भरायचा, टांगायला फीत अडकवायची आणि तोंड शिवून टाकायचं.

हा काजटाका आम्हाला आक्कांनी शिकवला. वेदीवरची वस्त्रं कितीतरी वर्षं त्यांच्याच हातची असत. आता त्यांचा हात थरथरतो. गेल्या वर्षी सगळा आगमनकाळ त्या एकच मेंढरू शिवत होत्या. टाके कुठे लांब, कुठे आखूड, कुठे एकावर एक.

नाताळाच्या आधीच्या शनिवारी आम्ही एक गोष्ट केली. आक्कांना न विचारता ते मेंढरू उसवलं आणि सरळ टाक्यांनी पुन्हा शिवलं. आम्हाला वाटलं, झाड चांगलं दिसेल, त्यांनाही बरं वाटेल.

रविवारी उपासनेनंतर आक्का झाडापाशी गेल्या. मेंढरू हातात घेऊन त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. आमच्या सरळ टाक्यांच्या शेजारी त्यांच्या जुन्या टाक्यांची वाकडी भोकं तशीच होती.

“हे माझं नव्हे,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं.

त्या रात्री आम्ही प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय काढला. यापोतली टबीथा, म्हणजे दुर्कस, वारली होती. पेत्र माडीवर आला तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रं त्याला दाखवू लागल्या. हा भाग आम्ही सेवेवर बोलताना किती वेळा वाचला असेल! पण तिची माणसं तिची शिवण हातात धरून रडत होती, हे आमच्या मनाला कधी लागलं नव्हतं. आणि आम्ही तर आक्का जिवंत असताना त्यांचा हात पुसून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि त्यांच्यासमोरच आपले टाके उसवले. आक्कांनी सुई मागितली. दोरा मात्र आम्ही ओवून दिला. त्यांनी हळूहळू, आपल्याच जुन्या भोकांतून, मेंढरू पुन्हा शिवलं. चहा दोनदा झाला.

नाताळच्या सकाळी ते झाडावर, मुलांच्या हाताला येईल अशा फांदीवर होतं. यंदाही तिथेच लावणार आहोत.

हे प्रभू, सेवा नीटनेटकी दिसावी म्हणून आम्ही कोणाचे टाके उसवले असतील, तर आम्हाला क्षमा कर. दोरा ओवून देऊन थांबायला शिकव. आमेन.