घरी लागर? आधी पोलादपूर गाठा!

मॉल्ट म्हणजे काय, हे कळायला म्युनिक लागत नाही. महाडच्या पुढची एक वाटी आंबील पुरते.

घरच्या घरी लागर बनवायची टूम प्रत्येक ऑफिसात एकदा तरी निघतेच. कुणीतरी बंगळुरू नाहीतर बर्लिन करून आलेला असतो आणि लंच टाइमला विषय पेटतो, ‘आपण का नाही करायची?’

सॉरी बॉस! महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदा आड आला नसता तरी हवा आलीच असती. लागरचं यीस्ट साधारण 8 ते 13 अंशांत सावकाश काम करतं. त्यानंतर ती कित्येक आठवडे जवळपास शून्य अंशाला मुरवायची. ‘लागर्न’ या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी साठवून ठेवणं! आता एवढे दिवस आईचा अर्धा फ्रिज अडवून दाखवा.

पण पिंपाआधीची खरी गंमत बघायची असेल, तर एक वीकएण्ड काढा आणि महाडचा रस्ता धरा.

तळं, नदी आणि घाट

महाडला पहिला थांबा चवदार तळं. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारो सहकाऱ्यांनी इथलं पाणी प्यायलं. काय प्यायचं याच्या चर्चा रंगवणाऱ्या आपण सगळ्यांनी इथे दोन मिनिटं उभं राहावं. साध्या पाण्यासाठी माणसांना इथे लढावं लागलं होतं.

पुढे पोलादपूर. इथून आंबेनळी घाट प्रतापगडाला बगल देत महाबळेश्वरला चढतो. खाली सावित्रीच्या खोऱ्यात भातखाचरं, वर डोंगरउतारावर वरकस जमीन. या उतारांवरचं पीक म्हणजे नाचणी आणि वरी. जुलैच्या धो धो पावसात नाचणीची रोपं लावायची आणि दिवाळीच्या आसपास मुठी आवळल्यासारखी दिसणारी कणसं कापायची.

आजीचं मॉल्ट

बिअरचा पाया म्हणजे मॉल्ट, अर्थात मोड आणून वाळवलेलं धान्य. युरोपात ते बार्लीचं. आपल्याकडे बाळाला द्यायचं नाचणीसत्त्व आठवा. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधायची, बारीक पांढरे मोड आले की सावलीत वाळवून दळायची. तत्त्व तेच! मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि ते पिठुळ स्टार्चची साखर करतात.

पटत नाही? घरी करून बघा. नाचणीची घट्ट पेज करा. उकळी थांबून ती जरा निवली की चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळा. पीठ न भाजलेलं हवं, कारण जास्त उष्णतेनं एन्झाइम मरतात. थोड्याच वेळात पेज पातळ होते, किंचित गोडही लागते. ब्रूअरीत दळलेलं मॉल्ट साधारण 65 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात, तेव्हा हेच घडतं.

इथून वाटा फुटतात

या गोड पाण्यात हॉप्स उकळून, ते थंड करून यीस्ट सोडलं की बिअर. आंबिलीची वाट वेगळी. नाचणीचं पीठ रात्री पाण्यात किंवा ताकात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं, वरून ताक, जिरं, लसूण, मीठ. इथे काम करतात ते आंबटपणा आणणारे बॅक्टेरिया. त्यामुळे झिंग नाही, पण उन्हात घाट चढून आल्यावर पोटाला मिळणारा गारवा कुठल्याही पबमध्ये मिळणार नाही.

तिसरी वाटही आहे. सिक्कीममध्ये याच नाचणीची तोंगबा करतात, युगांडात मालवा. दोन्ही नळीनं ओढून प्यायच्या. म्हणजे आपली नाचणी अगदीच साधीभोळी नाही!

उतार रिकामे होताना

मात्र हे सगळं टिकायचं तर उतारावर नाचणी हवी. लावणी हातानं, कापणी हातानं, मळणीला पुन्हा माणसं. आणि माणसं मुंबईला. गणपती-शिमग्याला एसटी भरभरून येतात, सण संपला की तशाच परततात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या हातांना उतार झेपत नाहीत, मग ते पडीक पडतात. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. आपण मॉलमधून ‘रागी कुकीज’ आणल्या. त्यापेक्षा परतताना गावातून पाच किलो नाचणी घ्या. घासाघीस न करता!

कसं जाल?

मुंबईहून महाड सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, मुंबई-गोवा हायवेनं. रेल्वेनं गेलात तर कोकण रेल्वेचं वीर स्टेशन जवळचं. महाडहून पोलादपूर साधारण 20 किलोमीटर. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा घाट सुरू आहे का ते विचारूनच निघा. नाचणी बघायची तर ऑक्टोबर उत्तम. आणि कुणाच्या घरी जेवायचं ठरलं, तर आदल्या दिवशीच सांगा. आंबील रात्रीच भिजवावी लागते, ऐनवेळी ऑर्डर देऊन मिळत नाही!